पाकिटात पाकीट

कॉव्हेंट्री
९ जानेवारी २०२५

शशी,

आशीर्वाद शेवटी, उरले तर. आधी सांग, आईला परत कधी नेतोस?

तू मला व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलंयस हे आत्ता आमच्या अनुयानं सांगितलं. मी आठवडाभर मेसेजखालच्या त्या एकट्या टिककडे बघत बसले होते, म्हटलं अमेरिकेत नेट गेलं की काय. मग म्हटलं कागद घ्यावा. कागद काही ब्लॉक होत नाही. पोस्टमन तुझ्या दारात आणून टाकणार, आणि तू न वाचता फाडलास तरी वरचं अक्षर बघून कोणाचं ते तुला कळणारच. सातवीपर्यंत शिकलेय मी, पुढे का नाही ते तुला ठाऊक आहे, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

आई पोचली. तू विचारलं नाहीस तरी सांगते. तुझे दाजी बसची ड्यूटी सोडून हीथ्रोला गेले होते. ऐंशीला टेकलेली बाई व्हीलचेअरमधून बाहेर आली ती तुझ्या शार्दूलचं जुनं जाकीट घालून, बाह्या पार बोटांच्या खाली. बरोबर दोन बॅगा. एक उघडली तर वरच पोळपाट-लाटणं. शशी, दोन महिने लेकीकडे राहायला येणारी बाई पोळपाट-लाटणं घेऊन येत नसते. मी म्हटलं, "हे कशाला? माझ्या घरात पोळ्या होत नाहीत?" तर म्हणे, "निवेदितानं भरून दिलं. म्हणाली, आई, तुमचं तुमच्याजवळ असू दे." तुझ्या बायकोला सांग, मला इंग्रजी वाचता येत नसेल, पोळपाट वाचता येतो.

दाजींनी तिचं तिकीट बघितलं आणि मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाले, "सुप्रभा, हे जायचंच आहे. यायचं नाही."

दुसरी बॅग तिनं उघडलेलीच नाही. कुलूप लावून पलंगाखाली. म्हणते, "जायचंच आहे परत, पसारा कशाला." आणि रोज संध्याकाळी चहा झाला की माझ्या फोनकडे बघते. तोंडानं काही विचारत नाही. नुसतं बघते.

काय झालं ते तू, निवेदिता आणि आई, तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितलंत. म्हणून मी माझ्या शब्दांत लिहिते, चुकलं तर कळव. तुमच्याकडे प्रेसिडेंटची निवडणूक. तुझं पेनसिल्व्हेनिया म्हणे असं राज्य की ते जिकडे झुकेल तिकडे अख्खा देश. हे तू ऑगस्टपासून आम्हाला फोनवर ऐकवत होतास, कोणी न विचारता. तू तिथल्या मराठी लोकांचा पुढारी. घरोघर जाऊन टपालानं मत कसं द्यायचं ते शिकवत होतास. तुझ्या घरी डायनिंग टेबलला चौघं बसलात, तू, निवेदिता, शार्दूल आणि आई, आणि कोणता गोल काळा करायचा ते तू सांगितलंस. तेवढ्यात तुला फोन आला. उठताना आईला म्हणालास, "आई, माझं बघून तसंच भर. आणि सगळ्यांची पाकिटं तूच भरून ठेव, तुझा हात नीट आहे." आईनं भरली. दुसऱ्या दिवशी चौघं नटूनथटून गेलात आणि आपापलं पाकीट पेटीत टाकून आलात. फोटो आम्हालाही पाठवलास. आईच्या कपाळावर हे एवढं कुंकू. खाली लिहिलंस, एक घर, चार मतं.

मतदानाच्या दिवशी संध्याकाळी तुझ्याच प्रचाराच्या ऑफिसात तुझ्याबरोबर काम करणारी ती वरदा बाद झालेल्या मतांची यादी घेऊन बसली, त्या लोकांना फोन करायला. आणि त्यात तुझं नाव. मोठ्यानं वाचलं तिनं. आत एक पिवळं पाकीट असतं म्हणे. मत आधी त्यात घालायचं आणि मग ते बाहेरच्या पाकिटात. आईनं आतलं पाकीट वापरलंच नाही, कागद तसाच उघडा गेला, म्हणून बाद. सगळ्या गावाला शिकवणारा तू, आणि बाद झालं तुझ्याच घरचं. लोक हसले. वर तुझी बाजू त्या राज्यात हरली.

लोक हसले म्हणून आईला समुद्रापलीकडे पाठवतात का रे?

कधी नेतोस, एवढंच कळव. बाकीचं पुराण नको.

ताई

—

कॉव्हेंट्री
२ फेब्रुवारी

शशी,

तुझं उत्तर मिळालं. अनुयाच्या ईमेलवर, इंग्रजीत. बहिणीला ब्लॉक आणि भाचीला दोन पानं. अनुयानं वाचून दाखवलं. तिचं मराठी तुला माहितीये, इथे जन्मलेली. "मम्मी, मामा म्हणतो, आजीचा चूक फार मोठी आहे. मामाला खूप शरम आला." मी म्हटलं, पुढे वाच. "मामा म्हणतो, आजीने ग्रुपवर सॉरी म्हणायचा. मग मामा तिकीट पाठवणार."

ग्रुपवर. म्हणजे तिथल्या झाडून सगळ्या मराठी लोकांसमोर आईनं लिहायचं की शशिधर शहाणा आहे, मी मूर्ख म्हातारी आहे, माझ्यामुळे त्याची अब्रू गेली. आणि मग तू मोठ्या मनानं तिला घरात घेणार. हे लिहिताना तुझा हात अडखळला नाही? तुझा कशाला अडखळेल, मशीनवर तर लिहितोस.

मी आईला सांगितलं. ती तिळाच्या वड्या थापत होती, इथल्या बायकांच्या हळदीकुंकवासाठी. हात न थांबवता म्हणाली, "कसली माफी?"

"पाकिटं चुकीची भरलीस म्हणून."

"सांगितलं ते काम केलं मी. चार दिवस आधी सरकारचं ईमेल आलं होतं ना त्याला, घरच्या सगळ्यांसाठी त्याचाच पत्ता दिलेला, की तुमच्या मतात गडबड आहे, येऊन पुन्हा द्या? त्यानं ते उघडलं नाही. लोकांना शिकवत हिंडत होता. मग माफी कोणी मागायची?"

हे ईमेलचं तू मला सांगितलं नव्हतंस. निवेदितानंही नाही. बघ, मी म्हटलं होतं ना, तिघांच्या तीन तऱ्हा.

आणि ते "आईमुळे राज्य गेलं" हे जे तू लिहिलंयस, ते मी अनुयाला दोनदा वाचायला लावलं. तिनं फोनवर बघून सांगितलं, तुझ्या राज्यात तुझी बाजू लाखाच्या वर मतांनी हरली. लाखाच्या वर! आईनं किती पाकिटं भरली? मग बाकीच्या लाखभर लोकांच्या आयांनाही विमानात बसवून दिलंत की काय? कुठे ठेवलंत सगळ्यांना? हे ऐकून दाजी म्हणाले, "त्याला लिही, आमच्याकडे बस उशिरा आली तर आम्ही स्टॉपवरच्या म्हातारीला दंड करत नाही."

मतं आम्हीही देतो रे इथे. गेल्या जुलैत दिली. चर्चच्या हॉलमध्ये एक टेबल, दोरीला बांधलेली पेन्सिल, आजूबाजूला लाकडाचा आडोसा. एक फुली मारायची, घडी घालून पेटीत टाकायची, झालं. बाहेर आल्यावर दाजींनी मला विचारलं नाही, मी त्यांना विचारलं नाही. स्टॉपवर उभं राहून तोंडल्याच्या भाजीत दाण्याचं कूट घालायचं की नाही यावर भांडलो. आमच्या घरात कोणी तुझ्यासारखी अंगणात उमेदवाराची पाटी लावली नाही आणि कोणी यादीही वाचली नाही.

आईला इथे काय कमी आहे असं विचारू नकोस. काही कमी नाही. मी कामाला जाते तेव्हा ती दाजींच्या बसमध्ये वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसून अख्खा रूट फिरून येते. पण बोलते ती तिकडचंच. मंगळवारी सीनियर सेंटरला जमणाऱ्या तिच्या बायका, तिच्या खोलीच्या खिडकीतली तुळस, शार्दूल ऑफिसातून येऊन तिच्या पलंगावर आडवा पडतो ते. "तुळशीला पाणी घालत असतील ना गं?" हे रोज. पंचवीस वर्षं तिनं त्या घरात काढली. बाबा गेले तेव्हा तूच नेलंस तिला बार्शीहून, आणि फुकट नाही नेलंस. तुम्ही दोघं नोकरीवर आणि शार्दूल तिच्या कडेवर. आता शार्दूल मोठा झाला. आता पाकिटं आठवली.

ती माफी मागणार नाही. मीही मागू देणार नाही. तिकीट पाठव.

ताई

—

कॉव्हेंट्री
१६ मार्च

शशी,

आज तुला एक गंमत सांगते. तुला गंमत वाटणार नाही, पण इथला अख्खा हॉल हसला.

आमच्या शेजारच्या उल्काच्या मुलीचा काल साखरपुडा होता. मुलगा सुयश, पुण्याचा, बेसिंगस्टोकला कॉम्प्युटरवर आहे. आई म्हणाली, "मीही आहेर करते." मी म्हटलं, कर. तिनं आपल्या बॅगेतनं काढून आणलेलं पाकीट मी बघितलंसुद्धा नाही. स्टेजवर गेली, मुलाला कुंकू लावलं, पाकिटालाही बोट टेकवलं आणि हातात दिलं. त्यानं वाचलं आणि खो खो हसायलाच लागला.

"आजी, हे काय? ऑफिशियल इलेक्शन बॅलट? मला मत दिलंत की काय?"

आई म्हणाली, "मत नाही रे बाबा. अकरा पौंड आहेत."

उल्काचे व्याही तर खुर्चीतून पडायचे राहिले. कोणीतरी ओरडलं, "मुलगा बहुमतानं निवडून आला!" आईपण हसली. इथे आल्यापासून पहिल्यांदा दात दाखवून हसली, शशी.

मी नाही हसले. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. घरी आल्यावर विचारलं, "आई, हे पिवळं पाकीट ते आहे का? तिकडचं?"

"हो."

"आणखी आहेत?"

तिनं पलंगाखालची बॅग ओढली, कुलूप काढलं, आणि साड्यांच्या घडीत सपाट ठेवलेली आणखी दोन काढून दाखवली. कोरी करकरीत, हळदीच्या रंगाची. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, "अगं, का ठेवलीस?"

"बाहेरचं पाकीट होतंच की. पाकिटात पाकीट कशाला? एवढा जाड कागद, एवढा चांगला रंग. चार लोकांच्या हातात द्यायला बरं. वाया घालवायचं का?"

आता सांग, ही आपली आई आहे की नाही? आपल्या घरात पाकीट फेकलेलं तू कधी बघितलंयस? तुझ्या मुंजीत आलेली पाकिटं नावं खोडून माझ्या लग्नात वापरली. उरलेली आतून उलटी करून बाबांनी दुकानात बिलं ठेवायला घेतली. तू तिला टेबलावर पिवळी कोरी पाकिटं देऊन बसवतोस आणि उठून जातोस. मांजरापुढे दूध ठेवून दार लावून गेलास.

म्हणजे हा काही कट नव्हता. काटकसर होती. हे तुझ्या त्या ग्रुपवर टाक. मी सांगते, ग्रुपवरच्या निम्म्या बायका आपापली कपाटं उघडून बघतील.

एकच गोष्ट मला कळली नाही. चौघांची चार पाकिटं. एक सुयशला गेलं, दोन बॅगेत. मी विचारलं, "चौथं कुठाय?" तर म्हणाली, "असेल कुठेतरी," आणि देवाजवळ दिवा लावायला उठली. भर दुपारच्या उन्हात दिवा. पण जाऊ दे, म्हातारं माणूस.

आता तरी ने तिला. मूर्खपणाच होता ना? तुझाच शब्द आहे. मूर्खपणाची एवढी शिक्षा तर तुमच्या अमेरिकेतही देत नसतील.

ताई

—

कॉव्हेंट्री
१३ एप्रिल

शशिधर,

काल तू फोन केलास. तीन महिन्यांनी. स्क्रीनवर तुझं नाव बघून मी जिन्यावरून धडपडत खाली आले आणि आईच्या हातात फोन दिला. ती पोळ्या लाटत होती, फोनला पीठ लागलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आधी. फोनवर बोलायचं तर तोंड पुसलं, तू बघणार असल्यासारखं. आणि तू "कशी आहेस" पण विचारलं नाहीस. स्पीकरवर होता फोन. मी ऐकलं सगळं. अनुयानंही ऐकलं.

तू म्हणालास, "आई, ताईचं पत्र वाचून मी ती यादी परत मागवली. बाद झालेली तीन मतं आहेत. माझं, निवेदिताचं, शार्दूलचं. तुझं नाव त्यात नाहीच."

"बरं मग."

"बरं काय! तुझं मत धरलं गेलं. आमची तिघांची पाकिटं तू काढून घेतलीस आणि स्वतःचं बरोबर घातलंस?"

"घातलं."

"का?"

आईनं फोनवरचं पीठ पुसलं.

"आई, तू कोणाला मत दिलंस?"

"दिलं."

"कोणाला?"

"शशी, तुळशीला पाणी घालता ना?"

"तुळस राहू दे! तू त्यांना दिलंस ना? माझ्या घरात बसून, माझ्या टेबलावर? मी दारोदार फिरलो, आणि माझ्या घरातलं एकच मत मोजलं गेलं, तेही त्यांना?" मग तुझा आवाज एकदम मऊ झाला. तो मऊ आवाज मी ओळखते, लहानपणी माझ्या वाटणीचा लाडू मागताना काढायचास. "हे बघ, आई. मी चिडलोय खरा, पण मला फक्त कळू दे. एकदा सांग कोणाला दिलंस. मी आजच्या आज तिकीट काढतो. शपथ."

आईनं फोन पोळपाटाच्या कडेला ठेवला. बंद नाही केला. लाटणं उचललं आणि अर्धी राहिलेली पोळी लाटायला लागली. तू पिठातून "हॅलो, हॅलो, आई" करत होतास. तिनं ती पोळी तव्यावर टाकली, भाजली, उतरवली, तूप लावलं. मग फोन तूच ठेवलास.

अनुया म्हणाली, "आजी, मामाला सांग ना. नाव तर सांगायचा आहे फक्त."

आईनं तिच्याकडे असं बघितलं की पोरगी वर निघून गेली.

मग मी बसले तिच्यासमोर. मी काही सोडणारी नाही, तुला माहीत आहे. म्हटलं, "पाकिटात पाकीट कशाला म्हणत होतीस ना? मग तुझं का घातलंस?"

तिनं जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, तिच्याच शब्दांत. नीट वाच.

"शार्दूलला विचारलं होतं मी, हे आतलं पाकीट कशाला असतं. तो म्हणाला, आजी, कोणाला मत दिलं ते कोणाला दिसू नये म्हणून. आता तूच सांग. शशीच्या अंगणात ही एवढी पाटी, रस्त्यावरून दिसणारी. गाडीच्या मागे नाव चिकटवलेलं. छातीवर बिल्ला. निवेदिताच्या पिशवीवर नाव, शार्दूलच्या टोपीवर नाव. त्यांनी पाकिटात काय लपवायचं? त्यांची वाचवली. लपवायचं फक्त मला होतं. म्हणून माझं घातलं."

म्हटलं, "म्हणजे तू दुसऱ्या बाजूला दिलंस?"

तर माझ्यावरच उखडली. "लपवलं म्हणजे दुसरीकडे दिलं असं कुणी सांगितलं? त्याच्याच बाजूला दिलं असेल. पण त्यानं सांगितलं म्हणून नाही दिलं. बार्शीत तुझ्या बाबांनी बोट दाखवायचं आणि मी शिक्का मारायचा, आयुष्यभर. मारल्यावर घरी येऊन विचारायचे, मारलास ना नीट? तिकडे नागरिक झाले, परीक्षा दिली, हात वर करून शपथ घेतली, त्या गोऱ्या बाईनं माझ्याशी हात मिळवला. त्यानंतरचं हे पहिलं मत. शशी फोनवर गेला, निवेदिता-शार्दूल आपापलं भरून उठली आणि टेबलाशी मी एकटी उरले. मला कोणी बघत नव्हतं. मी दोन्ही नावं वाचली, मला वाटलं तिथे भरलं आणि पाकीट चिकटवलं. ते आता उघडून दाखवू?"

ऐकलंस? आणि ऐक पुढे. पोळ्या झाल्यावर ती खोलीत गेली. मला वाटलं पडली असेल. डोकावले तर कुलूप काढलेलं, बॅग पलंगावर पालथी, आणि ती एकेक साडी माझ्या कपाटात लावत होती. म्हणाली, "खालचा कप्पा दे मला. वरती हात पोचत नाही."

तीन महिने ती बॅग तिनं भरलेली ठेवली होती. ती तू एका फोननं रिकामी केलीस. तिला घर हवंय, तुळस हवी, शार्दूल हवा, तू पण हवास, का ते देवाला माहीत. हे सगळं एका नावात मिळत होतं. तिनं नाही घेतलं. कपाटाचा खालचा कप्पा घेतला.

आणि तू लोकशाही शिकवत दारोदार फिरलास. काय शिकवलंस रे लोकांना?

या पत्राला उत्तर नको.

सुप्रभा

—

कॉव्हेंट्री
११ मे

शशी,

उत्तर नको लिहिलं होतं, ते तू ऐकलंस. आयुष्यात पहिल्यांदा माझं काही ऐकलंस, तेही नको तिथे.

हे पत्र मी तुमच्या त्या पिवळ्या पाकिटात घालून मग बाहेरच्या पाकिटात घालते आहे. आईनं स्वतः काढून दिलं. म्हणाली, "त्याचं त्याला वाचू दे, निवेदितानं आधी उघडायला नको." तर एकटा असशील तेव्हा वाच.

इथे ती पाहुणी म्हणून आलेली. जुलैच्या आत तिला निघावं लागेल, सरकारचा नियम आहे. मी म्हटलं बार्शीला जा, तर तिथे आता कोण आहे? मी तिला म्हटलं, "तुझं घर पेनसिल्व्हेनियात आहे, तिथे जा." म्हणाली, "त्यानं बोलावलं नाही. न बोलावता मी नाही जायची." दाजींनी समजावलं, ऐकेना. गेले चार रविवार हेच.

परवा शार्दूलचा फोन आला. तुला माहीत नसेल. चोरून केला असं नाही, पण तुला विचारून केलेला नव्हता. "आजी," म्हणाला, "नोव्हेंबरला इथे परत मतदान आहे. प्रेसिडेंटचं नाही, आपल्या गावातलं आणि जजचं. तू आली नाहीस तर मला पाकीट कोण भरून देणार?"

आई म्हणाली, "माझ्याकडे देऊ नकोस बाबा. मी आतलं ठेवून घेते."

"नाही आजी, या वेळी मलाही लागेल ते. मी माझ्या खोलीत बसून भरणार आहे. डॅडला सांगितलंय."

मग आईनं विचारलं, "तुळस?"

"मी घालतो पाणी. दोन पानं गळलीत. जगलीये."

फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, "कधीचं मिळेल तिकीट?" मी म्हटलं, "त्यानं बोलावलं नाही ना?" तर म्हणे, "मला मत द्यायला जायचंय. त्याला शशीच्या बोलावण्याची काय गरज?"

तर तिकीट आम्ही काढलंय. जायचंच, यायचं नाही. या वेळी ते बरोबर आहे. ३० तारखेला शुक्रवारी दुपारी ती फिलाडेल्फियाला उतरते. नंबर अनुया तुझ्या ईमेलवर टाकेल, आणि या वेळचं ईमेल उघड.

विचारायचा मोह मलाही झाला, खोटं कशाला बोलू. काल दाजींच्या बसमध्ये वरच्या मजल्यावर शेजारी बसलो होतो. हळूच म्हटलं, "मला तर सांग. मी कोणाला सांगणारे?" ती म्हणाली, "जावयांनी जुलैत कोणाला दिलं?" मी म्हटलं, "मला काय माहीत." म्हणाली, "मग?" आणि काचेतून बाहेर बघायला लागली. खाली दाजी गाडी चालवत होते. एवढी वर्षं संसार केला, ते मला खरंच माहीत नाही. आणि मी अजून त्यांच्याच घरात आहे.

विमानतळावर तू स्वतः यायचंस. शार्दूलला पाठवून मोकळा होऊ नकोस. गाडीत ते विचारायचं नाही. घरी गेल्यावर नाही, दिवाळीला नाही, ती आजारी पडली तर उशाशी बसून मऊ आवाजात तर अजिबात नाही. पोळपाट-लाटणं मी ठेवून घेतलंय. निवेदिताला म्हणावं, नवीन आण. आई यायची आहे राहायला.

आशीर्वाद लिहायला बसले होते, पण उरलेच नाहीत माझ्याकडे. तिच्याकडे असतील. समोर वाकलास तर देईल.

नोव्हेंबरच्या आधी तिच्या नावाचं टपाल येईल. तिच्या खोलीत नेऊन ठेव. उघडू नकोस.

ताई